एका अनामिकाची सही

इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या पाचवीलाच सनावळ्या पुजलेल्या असतात. लढाया, तह, राज्यारोहणे, कायदे! शेवटचा पेपर देऊन बाहेर पडलो, की त्यांतल्या निम्म्या मन आपोआप पुसून टाकते. पण एक तारीख अशी आहे, की ती मला कोणी पाठ करायला सांगितली नव्हती, ती कुठल्या प्रश्नपत्रिकेतही आली नाही, आणि तरीही ती मनातून जाता जात नाही. ती तारीख म्हणजे १७ ऑगस्ट १९३३.

मी वाचलेल्या पाठ्यपुस्तकांत या दिवशी काहीच घडत नाही. मॉस्को शहराच्या पश्चिमेस नाखाबिनो नावाचे गाव आहे. तेथील लष्करी मैदानावर त्या दिवशी संध्याकाळी काही तरुण मंडळी जमली होती. त्यांच्यापाशी एक अग्निबाण होता. उंचीला माणसाहून थोडा अधिक, वजनाला उण्यापुऱ्या अठरा किलोंचा. तो त्यांनी उडवला. तो अठरा सेकंद हवेत राहिला आणि शेजारच्या रानात जाऊन पडला. बस्स, एवढेच!

या तरुणांचा म्होरक्या सव्वीस वर्षांचा होता. त्याचे नाव सर्गेई पाव्हलोविच कोरोलेव्ह. पुढे चोवीस वर्षांनी याच माणसाच्या अग्निबाणाने पृथ्वीभोवती पहिला कृत्रिम उपग्रह फिरवला. आणखी साडेतीन वर्षांनी याच माणसाने पहिला मानव अंतराळात पाठवला. साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या. पण टाळ्या कोणासाठी वाजवायच्या ते मात्र जगाला ठाऊक नव्हते. त्याचे नाव जगाला कळले ते तो गेल्यानंतर!

मी कला शाखेचा. अग्निबाणामागचे गणित मला समजत नाही, आणि समजते असा आव आणण्याचा माझा विचारही नाही. मी या चरित्राकडे वळलो ते वेगळ्याच कारणाने. माणसाच्या आयुष्यात नावाची किंमत किती, आणि नाव काढून घेतले तर मागे काय उरते, हा प्रश्न या आयुष्याने मला जितक्या तीव्रतेने विचारला तितका दुसऱ्या कोणत्याही आयुष्याने विचारला नाही.

* * *

कोरोलेव्हचा जन्म १२ जानेवारी १९०७ रोजी झितोमिर या गावी झाला. हे गाव युक्रेनमधले. त्या वेळी ते रशियन साम्राज्यात होते. वडील पाव्हेल कोरोलेव्ह शाळेत रशियन साहित्य शिकवीत. आई मारिया व्यापारी घराण्यातली. दोघांचे पटले नाही. मूल लहान असतानाच आई वेगळी झाली, शिकण्यासाठी कीव्हला गेली आणि मुलगा नेझिन येथे आजी-आजोबांपाशी वाढू लागला. वडील वारले, असे त्याला सांगण्यात आले होते. वास्तविक ते १९२९ पर्यंत हयात होते! आपल्याप्रमाणेच रशियन माणसाचेही मधले नाव वडिलांवरून येते. पाव्हलोविच म्हणजे पाव्हेलचा मुलगा. म्हणजे ज्या वडिलांचे नाव हा मुलगा रोज लावीत होता, ते वडील त्याच्या लेखी या जगातच नव्हते. नियतीने त्याच्या नावाशी मांडलेला खेळ असा पाळण्यापासूनच सुरू झाला होता.

बरोबरीची मुले नाहीत, भावंडे नाहीत, आई क्वचित भेटणार. मुलगा एकलकोंडा झाला. अशा त्या सुन्या बालपणात एक दिवस उजाडला. उतोच्किन नावाचा प्रसिद्ध वैमानिक आपले विमान घेऊन नेझिनला आला. चार वर्षांच्या सर्गेईने आजोबांच्या खांद्यावर बसून ते विमान उडताना पाहिले. खांद्यावर बसून जत्रा पाहणारी मुले आपणही पाहतो. घरी आल्यावर पिपाणी मोडते आणि जत्रा विसरते. या मुलाची जत्रा मात्र जन्मभर संपली नाही.

आईने पुढे बालानिन नावाच्या इंजिनियराशी लग्न केले, आणि १९१७ साली हे कुटुंब ओदेसा या बंदराच्या शहरी राहायला आले. क्रांती, यादवी, उपासमार, बंद पडलेल्या शाळा असा तो काळ. सर्गेईचे शिक्षण झाले ते बांधकामाच्या धंदेशिक्षणाच्या शाळेत. छप्पर शाकारण्याचे काम तो तेथे शिकला. पण डोळे छपराच्या वर लागलेले! बंदरात पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे एक दल होते. तेथे तो घिरट्या घालू लागला, यांत्रिकांच्या हाताखाली पडेल ते काम करू लागला. सतराव्या वर्षी त्याने स्वतःच्या कल्पनेने एका ग्लायडरचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगणाऱ्या विमानाचा, आराखडा तयार केला. मग कीव्हची तंत्रशाळा आणि १९२६ पासून मॉस्कोची उच्च तंत्रशाळा. तेथे पदवीच्या प्रकल्पाला त्याला मार्गदर्शक लाभले ते विमानरचनेतले थोर नाव, आंद्रेई तुपोलेव्ह. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. गुरुशिष्यांची आणखी एक भेट पुढे व्हायची आहे, आणि ती फार वेगळ्या जागी.

सुट्टीत हा विद्यार्थी क्रिमियातील कोक्तेबेल येथे ग्लायडरांच्या स्पर्धांना जाई. १९३० साली त्याने बांधलेल्या ग्लायडरने तेथे हवेत कोलांट्या मारून दाखवल्या. पण चालवणारा दुसराच होता, कारण कोरोलेव्ह त्या वेळी विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता. आपण घडवावे आणि उडावे दुसऱ्याने, हा त्याच्या आयुष्याचा पुढचा नेमच जणू त्या वर्षी ठरून गेला.

* * *

आता मी त्या मंडळाविषयी सांगतो. १९३१ साली मॉस्कोत काही हौशी लोकांनी एक मंडळ काढले. अग्निबाणाच्या तत्त्वाने उडण्याचा अभ्यास करणारा गट, असे त्याचे लांबलचक नाव होते. रशियन आद्याक्षरे जुळवून त्याला गिर्द म्हणत. मंडळाचा प्राण होता फ्रीड्रिख त्सांदर, रीगा शहरात जन्मलेला एक विलक्षण ध्येयवेडा इंजिनियर. मंगळावर जाण्याचा त्याला असा ध्यास लागलेला, की मुलीचे नाव त्याने ठेवले अस्त्रा, म्हणजे तारा, आणि मुलाचे मर्क्युरी, म्हणजे बुध! त्सांदर स्वप्न पाहणारा, तर तरुण कोरोलेव्ह ते स्वप्न कामाच्या यादीत उतरवणारा. १९३२ मध्ये कोरोलेव्ह या मंडळाचा प्रमुख झाला.

मंडळाची जागा म्हणजे सादोवो-स्पास्काया रस्त्यावरच्या एका घराचे तळघर. आरंभी पैसा नाही, पगार नाही. दिवसभर नोकरी करायची आणि संध्याकाळी तळघरात उतरायचे. मंडळातल्या मंडळींनी स्वतःच गिर्द या चार अक्षरांचा एक विनोदी विग्रह केला होता : फुकट राबणाऱ्या इंजिनियरांचा गट! झाळकामासाठी चांदी हवी होती, तेव्हा कोणी घरातले चांदीचे चमचे आणून दिले, असे सांगतात. आपल्याकडे गणपतीच्या आराशीसाठी घरातली समई, पितळी घंगाळ, आईची जुनी शालू-पैठणी उचलून नेणारी मुले असतात ना, अगदी तीच जात!

या तळघरात दोन अग्निबाण आकाराला येत होते. त्सांदरचा पूर्णपणे द्रव इंधनावर चालणारा होता. पण २८ मार्च १९३३ रोजी त्सांदर किस्लोव्होद्स्क येथे टायफस तापाने वारला. आपला एकही अग्निबाण उडालेला त्याने पाहिला नाही. दुसरा अग्निबाण मिखाईल तिखोन्राव्होव्ह या इंजिनियराने आखलेला. त्याला साधे नावही नव्हते. ०९ हा नुसता प्रकल्पाचा क्रमांक.

हा ०९ कसा चाले ते मी मला समजले तेवढे सांगतो. त्यात राळ मिसळून मलमासारखे घट्ट केलेले पेट्रोल होते. ते ज्वलनकक्षातच बसवलेले असे. ते जाळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन मात्र द्रवरूपात वरच्या टाकीत भरायचा. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर उकळतो. ऑगस्टच्या उन्हाळी हवेत तो टाकीत पडताच उकळू लागे, त्याची वाफ होई, आणि त्या वाफेच्याच दाबाने उरलेला ऑक्सिजन खाली कक्षात ढकलला जाई. पंप नको, काही नको. युक्ती साधी, पण द्वाड! थंडीने झडपा गोठून बसत, त्यांवर हिमाचा थर चढे, आणि सांध्यांतून वायू गळू लागे. त्याच महिन्यात आधी केलेले प्रयत्न असेच फसले होते.

१७ ऑगस्टला मंडळी पुन्हा नाखाबिनोला आली. कोरोलेव्ह होता, तिखोन्राव्होव्हच्या पथकातला इंजिनियर येफ्रेमोव्ह होता, कामगार होते. ऑक्सिजन भरला. दाब चढू लागला. हिशेबाप्रमाणे तो अठरा वातावरणांपर्यंत चढायला हवा होता. पण एक झडप गळत होती. काटा साडेतेरावर येऊन अडला आणि पुढे सरकेना.

वाचकहो, तो क्षण डोळ्यांसमोर आणा. थांबावे, तर ऑक्सिजन उडून चाललेला. म्हणजे आजचाही दिवस फुकट. उडवावे, तर दाब अपुरा. म्हणजे जमिनीवरच स्फोट होण्याची धास्ती. हातात दुसरा अग्निबाण नाही. कोरोलेव्हने ठरवले : उडवायचा. सगळे आडोशाला गेले.

अग्निबाण हळूहळू उचलला गेला. कमी दाबामुळे त्याला घाई नव्हती. मग वेग घेत तो सरळ वर गेला. चारशे मीटर! ही उंची यंत्राने मोजलेली नव्हती, नजरेने अंदाजलेली होती. तेथे तो कलला, थोडा आडवा गेला आणि उतरता उतरता शेजारच्या रानात कोसळला. सुटल्यापासून पडेपर्यंत अठरा सेकंद.

मंडळी रानाकडे धावली असतील, ओरडली असतील, एकमेकांच्या गळ्यात पडली असतील. कोणतेही मंडळ असेच करील. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांनी नंतर केले ते. त्यांनी रीतसर अहवाल लिहिला. वजन किती, इंधन किती, ऑक्सिजन किती, दाब किती, वेळ किती. झडप गळत होती हेही. काहीही वाढवून लिहिले नाही. चारशे मीटर या आकड्यापुढे नजरेने, असे प्रामाणिकपणे नमूद केले. आणि खाली सह्या केल्या. पहिली सही मंडळप्रमुखाची : कोरोलेव्ह.

आणखी एक गोष्ट वाचून मला फार गंमत वाटली. आपल्या महाविद्यालयात असते तसे त्या मंडळाचे एक भित्तिपत्रक होते. त्याचे नावच रॉकेट! या उड्डाणानंतर त्याचा अंक निघाला आणि त्यात कोरोलेव्हने स्वतःच्या नावानिशी लेख लिहिला. आज उडालेला हा दिवस आपल्या कामात महत्त्वाचा आहे, आता याहून मोठे अग्निबाण लवकर आकाशात गेले पाहिजेत, अशा आशयाचा तो लेख होता. भिंतीवर टाचलेला तो कागद वाचायला वाचक किती असणार? तळघरात जेवढी माणसे, तेवढे. पण त्यावर नाव होते. सव्वीस वर्षांच्या तरुणाने आपले काम आपल्या नावाने चारचौघांसमोर मांडले होते. पुढे कोट्यवधी लोकांनी त्याचे काम पाहिले, तेव्हा हा साधा हक्क त्याला उरला नव्हता.

* * *

त्याच वर्षी सरकारने हे मंडळ ताब्यात घेतले, लेनिनग्राडच्या प्रयोगशाळेशी जोडले आणि अग्निबाणांची मोठी संशोधन संस्था उभी केली. पगार आले, इमारत आली. चमचे आणण्याची गरज संपली. पण जे सरकार देते ते सरकार घेतेही. १९३७ साली स्टालिनच्या राजवटीतील अटकसत्र या संस्थेपर्यंत पोचले. संस्थेचा प्रमुख क्लेइम्योनोव्ह आणि त्याचा साहाय्यक लांगेमाक यांना पकडून जानेवारी १९३८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. मार्चमध्ये इंजिनतज्ज्ञ ग्लुश्को पकडला गेला. २७ जून १९३८ रोजी रात्री कोरोलेव्हच्या दारावर थाप पडली. पत्नी क्सेनिया डॉक्टर होती. मुलगी नताशा अवघी तीन वर्षांची.

आरोप घातपाताचा. पुरावा म्हणजे छळ करून इतरांकडून लिहून घेतलेले जबाब. त्यालाही मारहाण झाली. शेवटी त्यानेही सही केली. ज्या हाताने नाखाबिनोच्या अहवालावर खरे आकडे लिहून सही केली होती, त्याच हाताने आता खोट्या कबुलीखाली सही केली! एकाच माणसाच्या या दोन सह्या. या चरित्रात मी येथे येऊन थांबलो होतो, आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

शिक्षा दहा वर्षांची झाली. १९३९ मध्ये त्याला सैबेरियाच्या अतिपूर्वेकडील कोलिमा भागात, माल्द्याक नावाच्या सोन्याच्या खाणीवर पाठवले. उपासमार, कडाका, बर्फात उपसा. अंगात रक्तपिती भिनली, हिरड्या सुजल्या, दात गळून पडले. इकडे आई गप्प बसली नव्हती. अर्ज, विनंत्या, हेलपाटे! ग्रोमोव्ह आणि ग्रिझोदुबोवा हे त्या काळचे नामांकित वैमानिक. त्यांच्याकडे ती गेली, त्यांनी शब्द टाकला. १९३९ च्या जूनमध्येच पहिला निकाल रद्द झाला होता. पण कैद्यांची गाडी पुढे पुढेच जात राहिली, आणि निकाल रद्द झालेला माणूस कोलिमाच्या खाणीत पोचला! तेथून त्याला वर्षअखेरीस परत पाठवले गेले.

२८ फेब्रुवारी १९४० रोजी मॉस्कोजवळ एक अग्निबाण-ग्लायडर माणसासह आकाशात उडाले. रचना कोरोलेव्हची. चालवणारा फ्योदोरोव्ह. रचनाकार त्या वेळी कैदी! फेरचौकशीत त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली, पण खाणीऐवजी मॉस्कोतल्या एका तुरुंगात नेण्यात आले. या तुरुंगात कैदी इंजिनियर लढाऊ विमानांचे आराखडे काढीत. त्यांचा प्रमुखही कैदीच होता. कोण? तर आंद्रेई तुपोलेव्ह! गुरुशिष्यांची दुसरी भेट ती ही.

पुढे ओम्स्क, मग कझान. १९४४ च्या जुलैमध्ये सुटका. निर्दोष असल्याचा कागद हातात पडायला १९५७ साल उजाडावे लागले.

* * *

त्यानंतरची कथा जगाला माहीत आहे. माहीत नव्हता तो तिचा नायक. युद्ध संपताच कोरोलेव्हला जर्मनीत पाठवण्यात आले. तेथल्या व्ही-२ या अग्निबाणाचा अभ्यास करून त्याने आधी त्याची रशियन आवृत्ती केली; ती ऑक्टोबर १९४८ मध्ये उडाली. मग त्याने स्वतःचे मोठे अग्निबाण बांधले. १९५७ च्या ऑगस्टमध्ये आर-७ हा महाकाय अग्निबाण पूर्ण पल्ला गाठून यशस्वी झाला. नाखाबिनोचा ०९ अठरा किलोंचा होता. हा अडीचशे टनांहून अधिक!

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. आर-७ बांधला गेला तो अंतराळप्रवासासाठी नव्हे, तर अण्वस्त्र दुसऱ्या खंडावर नेऊन टाकण्यासाठी. कोरोलेव्ह हे जाणून होता. त्याने ते काम केले, आणि त्याच शस्त्राच्या टोकावर बॉम्बऐवजी उपग्रह बसवण्याची परवानगी पदरात पाडून घेतली. हा मार्ग योग्य होता काय? चर्चेच्या तासाला यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला इतकेच दिसते, की तळघरातल्या मंडळाला मंगळावर जायचे होते, आणि तिकडे जाणारी एकच वाट त्याच्या काळाने त्याच्यापुढे उघडी ठेवली होती.

४ ऑक्टोबर १९५७. स्पुत्निक म्हणजे सहप्रवासी. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोंचा एक चकचकीत गोळा सुमारे ९६ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालू लागला. उपग्रहाचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करणारा सहकारी कोण होता? तोच तिखोन्राव्होव्ह, ज्याने ०९ आखला होता! तळघरातली सोबत अशी आकाशापर्यंत टिकली.

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. जून १९६३ मध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोवा ही पहिली स्त्री अंतराळात गेली. मार्च १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर पाऊल टाकून पोकळीत तरंगला. गागारिन १९६१ च्या अखेरीस भारतात आला, मुंबईलाही आला. त्याला पाहायला माणसे लोटली. पण त्याला पाठवणाऱ्याचे नाव त्या माणसांतल्या एकालाही माहीत नव्हते. वर्तमानपत्रांत तो फक्त मुख्य रचनाकार असे. परदेशच्या परिषदांना सेदोव्हसारखे दुसरे शास्त्रज्ञ जात, आणि बाहेरच्या जगाला त्यांनाच स्पुत्निकचे जनक समजण्याचा मोह होई. कोरोलेव्हला वर्तमानपत्रात लेख लिहायचा, तर तोही टोपणनावाने : प्राध्यापक के. सेर्गेयेव्ह. स्वतःच्याच नावाची उलटापालट! मॉस्कोत गागारिनची मिरवणूक निघाली, तेव्हा हा माणूस पदकांशिवाय मागच्या एका मोटारीत बसलेला होता, असे सांगतात.

तो संत नव्हता. कामावर तो तापट, आरडाओरडा करणारा होता. सकाळी एखाद्याला कामावरून काढावे आणि संध्याकाळपर्यंत विसरून जावे, असा त्याचा खाक्या. संसार तुटला, दुसरे लग्न झाले, आणि मुलीने बराच काळ त्याच्याशी बोलणे टाकले. लहानपणी वडिलांना मुकलेल्या मुलाच्या वाट्याला बाप म्हणूनही दुरावाच आला. डिसेंबर १९६० मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. तरीही गागारिनचे उड्डाण चार महिन्यांवर आलेले असताना तो पुन्हा कामावर हजर!

१४ जानेवारी १९६६. मॉस्कोच्या रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया सुरू झाली. आरोग्यमंत्री पेत्रोव्हस्की स्वतः शस्त्र चालवीत होते. आजार किरकोळ समजला होता; आत मोठी गाठ निघाली. शस्त्रक्रिया लांबली, आणि हृदयाने साथ सोडली. तुरुंगातल्या मारहाणीत मोडलेला जबडा नीट उघडत नसल्याने श्वासाची नळी घालणे अवघड गेले, असेही सांगतात. खरे असेल, तर १९३८ च्या त्या रात्रीने आपला हिशेब अठ्ठावीस वर्षांनी पुरा केला. एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते.

१६ जानेवारीच्या प्राव्दा वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र आले, आणि खाली नाव. पूर्ण नाव : सर्गेई पाव्हलोविच कोरोलेव्ह. क्रेमलिनच्या भिंतीत अस्थी ठेवल्या गेल्या, तेव्हा गागारिन बोलला. आई अजून जिवंत होती. मुलाला कोलिमातून ओढून आणणाऱ्या त्या माउलीने पुढे चौदा वर्षे, १९८० पर्यंत, मुलाचे नाव जगाच्या तोंडी ऐकले. त्याने ज्या गावी काम केले त्या गावाला १९९६ मध्ये त्याचेच नाव देण्यात आले.

* * *

३ एप्रिल १९८४ रोजी आपला राकेश शर्मा अंतराळात गेला. ज्या अग्निबाणाने त्याला नेले तो कोरोलेव्हच्या आर-७ च्याच वंशातला. त्या दिवशी घरोघर आनंद झाला, आणि तो योग्यच होता. त्या आनंदात नाखाबिनोच्या रानातल्या एका मोडक्या नळकांड्याचाही वाटा होता, हे मला फार उशिरा कळले.

मला विचाराल, तर या माणसाचा सर्वांत मोठा दिवस कोणता? स्पुत्निकचा? गागारिनचा? कोणी तसे म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण त्या दोन्ही दिवशी तो पहाऱ्यात होता, गुपित होता, निनावी होता. यश मोठे होते, पण ते आपले म्हणून सांगता येत नव्हते. १७ ऑगस्ट १९३३ या दिवशी यश चारशे मीटरचे होते, तेही नजरेने मोजलेले. पण सोबती स्वतः निवडलेले होते, काम हौसेचे होते, निर्णय त्याचा होता, आणि खाली सही त्याची होती.

आपल्या महाविद्यालयातही मंडळे आहेत. वाङ्मय मंडळ, नाट्य मंडळ, गिरिभ्रमण मंडळ. भित्तिपत्रकाचा फलक जिन्यापाशी आहे. बरेचसे विद्यार्थी त्याच्याकडे न पाहताच वर्गात जातात. मीही जात असे. आता मात्र मी तेथे थांबतो. कोणीतरी रात्र जागून वळणदार अक्षरात एखादी कविता, एखादा लेख लिहिलेला असतो. चार खिळ्यांवर टाचलेला कागद वाऱ्याने फडफडत असतो. मी लेख वाचतो, आणि मग खाली पाहतो. खाली नाव असते.

ते नाव मी हल्ली वाचल्याशिवाय पुढे जात नाही.